लाज कशाची धरायची

'श्यामची आई' आपल्याकडे बहुतेक सगळ्यांनी वाचलेलं असतं, नाहीतर अत्र्यांचा १९५३ चा पिक्चर तरी बघितलेला असतो, आणि आठवतं काय तर आई गेली आणि आपण रडलो. पण पुस्तकातली पहिली गोष्ट कोणती असं विचारलं तर भले भले गप्प बसतात. पहिल्या रात्रीची गोष्ट सावित्रीव्रताची आहे. आई तापाने पार गळून गेलेली, वडाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायचं त्राण अंगात नाही, म्हणून ती पोराला सांगते की माझ्या वतीने तू जाऊन घाल. श्याम लाजतो. तिथं सगळ्या बाया असतील, हसतील मला, मी नाही जात. तर आई त्याला सांगते की देवाच्या कामाची लाज कसली, पाप करताना लाज धर. मग पोरगा जातो आणि बायांच्या घोळक्यात फेऱ्या घालतो.

पुरुषाने कसं असावं यावर मराठीत इतकं थेट फार थोडं लिहिलं गेलंय असं माझं मत आहे, आणि ते सुद्धा पुस्तकाच्या दाराशीच ठेवलंय, आपणच ओलांडून पुढं जातो आणि आईच्या मरणापाशी जाऊन थांबतो. पुस्तकाचं नाव आईचं आहे म्हणून ते आईबद्दलच आहे असं धरून चालतो. मला ते दरवेळी एका मुलाबद्दलचं वाटतं, लोक हसतील या भीतीतून त्याला कुणीतरी हाताला धरून बाहेर काढलं त्याबद्दलचं.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात कृषी केंद्र चालवतो. खतं, बियाणं, फवारणीची औषधं. दिवसभर समोर पुरुषच असतात म्हणून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. आणि अमळनेर म्हणजे साने गुरुजींचं गाव, जन्म कोकणातला, पालगडचा, पण गुरुजी गुरुजी झाले ते इथे. १९२४ ला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले, मग छात्रालय सांभाळलं. तिथल्या पोरांचे कपडे धुणं, अंथरुणं घड्या घालणं, आजारी पोराच्या उशाशी बसून रात्र काढणं, हे सगळं ते स्वतः करायचे, पोरं खेळायला नाहीतर शाळेत गेलेली असताना, म्हणजे कुणी बघत नसताना. हे मला फार मोठं वाटतं, त्यांच्या पुस्तकांइतकंच मोठं. रोजचं काम, ज्याचा फोटो निघत नाही आणि सत्कार होत नाही, ते एका मास्तर माणसाने शंभर वर्षांपूर्वी आमच्या अमळनेरात केलं.

आता आम्ही काय करतो, तर गुरुजी म्हणजे मातृहृदयी असं म्हणतो. म्हणजे चांगलंच म्हणतो, आदरानेच म्हणतो, पण त्यात एक सोय आहे आपली. माया करणारा, धुणंभांडी करणारा पुरुष दिसला की त्याला आई करून टाकायचं, म्हणजे बाकीच्या बापांना ते लागूच होत नाही. ते काय बाबा, ते तर आईच होते! झालं, आपण मोकळे. आणि दुसऱ्या बाजूला रडके होते, हळवे होते, बायकी होते असं खालच्या आवाजात बोलणारे सुद्धा मी ऐकलेत, आमच्याच गावच्या पारावर. फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा गावभर गुरुजींचे फ्लेक्स होते, 'खरा तो एकचि धर्म' लाऊडस्पीकरवर, आणि मांडवाच्या मागं स्वयंपाकाच्या भांड्यांचा ढीग घासायला कोण बसलं होतं ते काय सांगायला पाहिजे?

हाच रडका म्हणवला जाणारा माणूस १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात होता, विनोबा तिथं दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि हे ते उतरवून घ्यायचे, आज 'गीता प्रवचने' म्हणून घराघरात आहे ते गुरुजींच्या हाताने झालंय. त्यांनी खानदेशातल्या गिरणी कामगारांची आणि शेतकऱ्यांची बाजू घेतली, १९४७ ला पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. मर्दानगी म्हणजे धाडस असं जर म्हणायचं असेल ना तर मग याच्यापेक्षा जास्त धाडस कोणतं ते मला दाखवा. पण आपल्या डोक्यात धाडस म्हणजे आवाज चढवणं आणि बुलेटचा सायलेन्सर.

पुरुषांना काम येत नाही हे मला अजिबात पटत नाही. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत पार्टी असते ती ज्यांनी बघितली त्यांना कळेल मी काय म्हणतो. बामणोद भालोदकडची हिरवी लांब वांगी आणायची, शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर भाजायची, मग गरम गरम असतानाच सालं काढायची, हाताला चटके बसतात तरी पाण्यात हात घालत नाहीत कारण मग चव जाते, आणि लाकडाच्या बडगीत हिरवी मिरची लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे. दोनशे लोकांचं भरीत आमची पुरुष मंडळी एका दमात करतात आणि ते असं होतं की काय सांगावं. मीठ किती, तिखट किती, कुठल्या वांग्यात बिया जास्त, सगळं माहीत. कुणी त्यांना बायकी म्हणत नाही. उलट, आप्पांच्या हातचं भरीत म्हणून पंचक्रोशीत नाव होतं. पण त्याच आप्पांना सोमवारी सकाळी घरात बायको आजारी असेल तर दोन भाकरी टाकायला सांगा. शेजारची येईल, पोरगी शाळा बुडवेल, नाहीतर हॉटेलातून शेवभाजी येईल, पण आप्पा चुलीपुढं बसणार नाहीत. येत नाही म्हणून नाही, कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून. श्याम वडाखाली जायला लाजत होता तीच ही लाज. फरक एवढाच की याला समजावणारं कुणी भेटलं नाही, आणि आता वय पंचावन्न.

सणांचं पण बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, झोके, गाणी, आणि पुरुष त्या दिवशी उघड उघड पत्ते कुटत बसतात, बायांना वर्षातून तेवढाच श्वास आणि पुरुषांना तेवढीच जुगाराची परवानगी. श्रावणात कानबाई बसते, देवी बाई आहे, पण आमच्याकडे बऱ्याच घरात रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू घेताना घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठ मोजतात. माझी आजी मोजायची, मोठ्या निष्ठेने मोजायची, तिला त्यात काही खटकलं नाही आणि मी तिला दोष देत नाही. पण माझ्या मुलीने मागच्या श्रावणात विचारलं की माझी मूठ कुठंय, तेव्हा घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिची आजी, म्हणजे माझी आई, थोडा वेळ थांबली आणि एक मूठ टाकली. कानबाई काही कोपली नाही.

बहिणाबाईंचं नाव घेतल्याशिवाय खानदेशातला माणूस पुढं जाऊच शकत नाही. असोद्याची पोर, जळगावच्या चौधरींकडे दिली, तिशीत विधवा झाली. लिहिता वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या. 'मनगटी करतूत' ही ओळ मला फार जवळची वाटते, कुंकू पुसल्यानंतरच्या कवितेतली:

जरी फुटल्या बांगड्या
मनगटी करतूत

आपण पुरुषाला डिवचायचं असलं की काय म्हणतो, हातात बांगड्या भरल्या काय रे. निवडणुकीत तर पुढारी एकमेकांना बांगड्यांचे आहेर पाठवतात आणि टीव्हीवाले ते दिवसभर दाखवतात. म्हणजे बांगडी असलेला हात हा काही न करणारा हात. आणि इथं एक बाई, बांगड्या फुटल्यावर, पदरात लहान लेकरं, म्हणते की बांगड्या गेल्या तरी मनगटात कर्तृत्व आहे. म्हणजे बांगड्या होत्या तेव्हा पण ते तिथंच होतं! कपाशी वेचणारे, निंदणी करणारे, केळीच्या बागेत राबणारे सगळे हात बांगड्यांचेच आहेत आमच्याकडे. ती शिवी देणाऱ्याने एकदा ऑक्टोबरच्या उन्हात वेचणीला कमरेला झोळी बांधून एक ओळ पूर्ण करून दाखवावी, मग बोलावं.

आणि एक गोष्ट, बहिणाबाईंच्या त्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या कशा? त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एका भावाने त्या ऐकून उतरवून ठेवल्या म्हणून. सोपानदेव स्वतः कवी होते, नाव असलेले कवी. आईच्या मागं मागं फिरून तिचं ऐकायचं, तिच्या बोलीत बदल न करता लिहून घ्यायचं, आणि ती गेल्यावर वही अत्र्यांपुढं ठेवायची, १९५२ ला पुस्तक निघालं. आज लोक सोपानदेवांना बहिणाबाईंचा मुलगा म्हणून ओळखतात. एका पुरुषाने आपलं नाव मागं जाऊ दिलं आणि त्याचं काही बिघडलं नाही. मुलग्यांना शाळेत बहिणाबाई शिकवताना हे पण शिकवायला पाहिजे की ऐकणं हे पण पुरुषाचं काम असतं.

'कोसला' कादंबरी १९६३ ची, ती लिहिणारे नेमाडे आमच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पुण्यात शिकायला गेलेला पांडुरंग, घरी बाप. बाप आणि लेकामध्ये बोलणं म्हणजे पैशाचं बोलणं, किती पाठवले, किती उडवले. धाकटी बहीण मनी जाते तेव्हा त्या पोराच्या आतून जे फुटतं ते वाचताना आजही माझ्या घशाशी येतं. आणि तेच तो बापाजवळ बसून बोलू शकत नाही. खानदेशातल्या किती घरात असंच आहे सांगू? बाप आणि मुलगा एकाच मोटरसायकलवर बाजाराला येतात, तासभर माझ्या दुकानात बसतात, कापसाच्या भावाचं बोलतात, पावसाचं बोलतात, बोंडअळीचं बोलतात. त्या पोराची बारावी गेलीय हे बाप मला सांगतो आणि बापाला शुगर निघालीय हे पोरगा मला सांगतो, वेगवेगळा येऊन.

सिनेमा सिरीयलचं काय बोलायचं, तिथं पुरुष एकतर मारतो नाहीतर मार खाणाऱ्याला वाचवतो, मधलं काही नाही. सिरीयलमधला नवरा एक दिवस चहा करून आणतो तर मागं सनई वाजते. आणि आता रील. गावातली सोळा सतरा वर्षांची पोरं, भाऊंच्या वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, गॉगल, स्लो मोशन. मला त्यापेक्षा आपल्या शेजारच्या मालेगावचा सुपरमॅन जास्त आवडतो. नासिर शेख यांनी काढलेला, हिरो कोण तर शफीक शेख, पॉवरलूमवर काम करणारा काडीसारखा माणूस. त्या सगळ्या खटपटीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाची डॉक्युमेंटरी २००८ ला आली, जमलं तर बघा. त्या माणसाला छाती फुगवून दाखवायची नव्हती, त्याला सिनेमा करायचा होता, आणि त्याच्या डोळ्यातला आनंद बघून जीव गलबलतो. पण तिथं सुद्धा हिरॉईन बाहेरून आणावी लागते, गावातली बाई कॅमेऱ्यापुढं यायला तयार नसते, म्हणजे तिला येऊ देत नाहीत.

आता माझ्या दुकानाचं सांगतो, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

उधारीची वही असते आमची. खरिपात माल जातो, कापूस विकला की पैसे येतात, नाही आले तर पुढच्या वर्षावर. त्या वहीत मला तालुक्यातल्या कितीतरी घरांचा आतला हिशोब दिसतो, आणि माल घेऊन निघताना निम्म्याहून जास्त माणसं एकच वाक्य बोलतात, "घर सांगू नका बरं भाऊ." घरी सांगू नका. बायकोला कळू देऊ नका. ती बायको कोण? जिने तो कापूस वेचलेला असतो. किती क्विंटल निघाला ते तिला किलोवर माहीत असतं कारण ते तिच्या पाठीतून गेलेलं असतं, पण कितीला गेला, त्यातले सोसायटीत किती भरले, माझ्याकडे किती, खाजगीवाल्याकडे किती, हे तिला माहीत नसतं. का तर नवरा सांगत नाही. वाईट नसतो तो. दारू पीत नाही, मारत नाही. त्याला लाज वाटते. घर चालवायला आपण कमी पडलो हे बायकोपुढं बोलायची लाज.

एक माणूस असाच, नाव गाव सांगत नाही, दोन वर्षं पीक हातात आलं नाही आणि त्याने आयुष्य संपवलं. महिन्याभराने त्याची बायको दुकानात आली. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात सगळे कागद, बँकेचं पासबुक, सोसायटीची नोटीस, कुणाकुणाच्या चिठ्ठ्या, माझ्या पावत्या पण होत्या त्यात. काउंटरवर एकेक कागद सरळ करून ठेवला तिने, पावत्यांच्या घड्या हाताने दाबून दाबून काढल्या, आणि विचारलं भाऊ, तुमचे किती आहेत. मी म्हटलं वहिनी राहू द्या. नाही म्हणाली, आकडा सांगा, मला सगळे आकडे पाहिजेत, मला एकही माहीत नव्हता. मी सांगितला. तिने पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला, वर आधीचे लिहिलेले होतेच, बेरीज केली. बेरीज बघून म्हणाली, "एवढंच होतं?" आणि मग, "एक डाव माले सांगतात ना भाऊ." एकदा मला सांगायचं ना. तिच्या गळ्यातली पोत होती, माहेरची एक म्हैस येणार होती, भाऊ होता, ती स्वतः रोजाने जात होतीच. तिच्या डोक्यात बसल्या बसल्या तीन रस्ते तयार झाले होते, आणि तो माणूस एकटा बसून एकही शोधू शकला नाही.

२०२२ च्या एनसीआरबीच्या, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, अहवालात देशभरातल्या ५,२०७ शेतकरी आत्महत्या आहेत, शेतमजूर वेगळे, आणि त्यातले ४,९९९ पुरुष आणि २०८ बाया. यात एक गोष्ट अशी की बाईच्या नावावर सातबारा नसतो म्हणून तिची नोंद शेतकरी म्हणून होतच नाही, तो मोठा अन्याय आहे आणि त्यावर वेगळं लिहायला पाहिजे. पण तरीसुद्धा चार हजार नऊशे नव्व्याण्णव हा आकडा बघून मला कापरं भरतं. कर्ज, भाव, पाऊस, बोंडअळी, सरकारी धोरण, ही कारणं आहेतच, ती कुणी नाकारू नये, बायका पण त्याच घरात राहतात, त्याच कर्जात असतात. पण त्या एकमेकींपाशी बोलतात. नळावर, वेचणीला, बचत गटात. पुरुष पारावर चार तास बसून घरी येतो आणि पोटातलं पोटात. लहानपणी पडला आणि रडला तर कुणीतरी म्हणालेलं असतं, "काय बाईसारखा रडी ऱ्हायना", आणि ते तो आयुष्यभर पाळतो.

लग्नाचं पण याच्यातच आलं. माझ्याकडे येणाऱ्या तिशी उलटलेल्या पोरांची लग्नं होत नाहीत, मुली नोकरीवाला मागतात, आणि मुळात मुली आहेत कुठं? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं साडेआठशे सुद्धा मुली नव्हत्या. खानदेशातलाच आदिवासी नंदुरबार नऊशेच्या वर. वंशाला दिवा पाहिजे म्हणून जे केलं ते आता त्याच दिव्यांच्या वाट्याला आलंय, ती पोरं बिचारी मान खाली घालून बसतात आणि लोक त्यांची टिंगल करतात, रील बनवतात त्यांच्यावर. ते फार वाईट आहे, असं करू नका.

मी काय समाजसुधारक नाही, पण दुकान माझं आहे, वही माझी आहे, तर या खरिपापासून मी एक नियम केला. उधारी पाहिजे असेल तर नवरा बायको दोघांनी यायचं, वहीत दोघांची नावं, दोघांच्या सह्या. बिन लग्नाचा असेल तर आईने यायचं. पहिल्या आठवड्यात काही गिऱ्हाईकं तुटली, शेजारच्या दुकानात गेली, एकजण माझ्यावर ओरडून गेला की तुला आमच्या घरात नाक खुपसायचं काय कारण. मी म्हटलं उधारी माझी आहे दादा. काही आले. एकजण तर बायकोला घेऊन आला आणि बाहेर गाडीवरच बसून राहिला, आत यायला तयार नाही, ती एकटीच आत आली. सही करण्याआधी तिने बिल हातात घेतलं आणि एकेक ओळ वाचली, दहावी शिकलेली होती. टॉनिकच्या दोन बाटल्यांवर बोट ठेवून विचारलं की या दोन्ही एकाच कामाच्या ना? मी हो म्हटलं. मग दोन कशाला? तिने बाहेर बघून नवऱ्याला हाक मारली, तो आला, दोघांनी आपसात काहीतरी बोलणं केलं, त्याने मान डोलावली. एक बाटली परत फडताळात गेली आणि त्यांची उधारी तिथल्या तिथं साडेसहाशेने कमी झाली.